मदत घेऊन जिंकलं, तर ते जिंकणं धरायचं का?

प्रिय ताई,

मी साताऱ्यात शाळेत शिकवते. धाकटे भावोजी पुण्यात नोकरीला आहेत, त्यांना व्हिडिओ गेमचं भारी वेड. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी आपला जुना प्लेस्टेशन 4 आमच्याकडे ठेवला आणि ‘एल्डन रिंग’ लावून दिला. ‘वहिनी, यापेक्षा चांगला गेम झालेला नाही,’ म्हणाले. मुलगी झोपली की रात्री तासभर मी खेळते. जादू येणारी अॅस्ट्रॉलॉजर घेतली, कारण तिचा वेश आवडला. घोडा मिळाला, इकडेतिकडे फिरले, मजा आली. पण किल्ल्याच्या वाटेवरच्या मार्गिट नावाच्या बलाढ्य शत्रूने कित्येक रात्री अडवून धरलंय.

काय करावं म्हणून खेळणाऱ्यांची मतं वाचायला बसले आणि डोकंच फिरलं. एक म्हणतो, आजवरचा सर्वोत्तम गेम. दुसरा म्हणतो, निव्वळ छळ. कुणी म्हणतं जग अफाट आहे, कुणी म्हणतं तेच तेच पुन्हा पुन्हा चिकटवलंय. कुणी सांगतं, लांडग्यांचे वगैरे आत्मे बोलावून मदत घ्या. लगेच दुसरा लिहितो, तसं जिंकणं म्हणजे जिंकणंच नव्हे. भावोजींचंही तेच. ‘जादू सोडा, सामुराई घेऊन नव्याने सुरू करा आणि ते लांडगे बोलवायचे नाहीत, नाहीतर तो विजय मी धरणार नाही.’ मी कोणाचं ऐकू? माझ्याच्याने होत नसेल तर सोडून द्यावा का? सोडला तर भावोजींना वाईट वाटेल, तेही आहेच.

– मार्गिटपाशी अडकलेली, सातारा

प्रिय सातारकर ताई,

लांडगे बोलवा. हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटाकडे लिहिलात, पण मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचं उत्तर आधी.

हे लांडगे बोलावणारी ती घंटा आणि त्यांची राख तुमच्याकडे आली कशी, आठवून बघा. घोडा मिळाल्यावर एलेहच्या पडक्या चर्चमध्ये रात्री गेलं की मोठी टोपी घातलेली एक चेटकीण भिंतीच्या कडेला बसलेली असते आणि ती स्वतःहून या दोन्ही वस्तू हातात ठेवते. मार्गिटला गाठायच्या आधीच. तिच्याकडे जायचं राहून गेलं, तर राउंडटेबल होल्ड या गेममधल्या अड्ड्यावर त्याच वस्तू थोड्याशा रून्सना, म्हणजे गेममधल्या चलनात, विकत मिळतात. मार्गिटच्या धुक्याच्या दाराबाहेर जमिनीवर सोनेरी अक्षरांची एक खूण चमकते, ती रॉजिअर नावाच्या जादूगाराची. तिला हात लावला की तो तुमच्या बाजूने लढायला येतो. इतकी मदत जर गेमने दारातच मांडून ठेवली असेल, तर ती घेणं म्हणजे लबाडी कशी होईल? या गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी 2024 साली मुलाखतीत स्वतःबद्दल हेच सांगितलं होतं. आपण खेळण्यात तरबेज नाही आणि खेळताना गेममध्ये असेल नसेल ती सगळी मदत वापरतो, असं ते म्हणाले. ज्याने हा मार्गिट उभा केला, तोच माणूस हे म्हणतोय.

मग भावोजी आणि त्यांच्यासारखे इतके लोक उलट का सांगतात? त्यात दुष्टपणा नसतो, हे मला आवर्जून सांगायचंय. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने 2009 मध्ये ‘डेमन्स सोल्स’ काढला, 2011 मध्ये ‘डार्क सोल्स’, मग 2015 मध्ये ‘ब्लडबोर्न’ आणि 2019 मध्ये ‘सेकिरो’. दहा-बारा वर्षं एक मोठा वर्ग हे गेम खेळत आला. या गेममध्ये मरायचं, शिकायचं, पुन्हा जायचं आणि शेवटी हात थरथरत असताना बॉस, म्हणजे मार्गिटसारखा मोठा शत्रू, पडायचा. त्या क्षणाचं मोल त्यांच्या लेखी फार आहे आणि ते खरंच आहे. लढाईत आत्मे बोलवायची सोय मात्र ‘एल्डन रिंग’मध्ये नव्याने आली. जुन्या खेळाडूंना वाटलं, आता तो क्षण स्वस्त होणार. म्हणून त्यांनी आपल्यापुरता एक नियम घालून घेतला. आपल्यापुरता असेतोवर तो नियम सुंदरच आहे. तो दुसऱ्यावर लादला की त्याचा जाच होतो. भावोजींना विचारा, ‘एल्डन रिंग’च्या आधी ते यातले कोणते गेम खेळले होते. एखादा जरी निघाला, तरी मार्गिटपाशी पोचताना त्यांच्या बोटांना जी सवय होती ती तुमच्या बोटांना नाही, हे त्यांनाही पटेल.

आता बाकीच्या मतांकडे येऊ. या गेमच्या 2022 पासून 3 कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात. एवढ्या लोकांचं एकमत व्हावं अशी अपेक्षाच नको. पण तुम्ही वाचलेली मतं वाटतात तितकी एकमेकांविरुद्ध नाहीत. मत देणाऱ्याने ते केव्हा दिलं आणि किती खेळून झाल्यावर दिलं, एवढं पाहिलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आधी ‘केव्हा’ बघू. गेम 25 फेब्रुवारी 2022 ला आला. पहिल्या काही दिवसांत काँप्युटरवर खेळणाऱ्यांना तो अडखळत, धक्के खात चालत होता आणि स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर त्या काळात शिव्या आणि कौतुक यांची सरमिसळ झालेली होती. त्या लोकांनी पैसे मोजले होते, त्यांचा राग रास्त होता. पण तो राग त्या आठवड्याचा. सुरुवातीला नकाशावर भेटलेल्या पात्रांच्या खुणाही दिसत नसत. कोण कुठे भेटलं होतं हे आपणच लक्षात ठेवायचं. मार्च 2022 च्या अपडेटनंतर त्या दिसायला लागल्या. रडान नावाचा बॉस आधी प्रचंड अवघड होता, अपडेटने नरमला, पुढे पुन्हा थोडा सावरला. त्यामुळे ‘रडान काहीच नाही’ आणि ‘रडान अशक्य आहे’ ही दोन्ही वाक्यं लिहिणारे खरंच बोलत असतात. जून 2024 मध्ये ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ ही जोडकथा आली तेव्हाही तेच झालं. ती फार कठीण आहे म्हणून पहिल्या दिवसांत ओरड झाली, मग कंपनीने अपडेट काढून त्या प्रदेशात मिळणाऱ्या, खेळाडूची ताकद वाढवणाऱ्या आशीर्वादांचा सुरुवातीचा प्रभाव वाढवला. तुम्ही जुनी मतं वाचत असाल तर आधी तारीख बघा.

‘किती खेळून’ हे त्याहून महत्त्वाचं. तुम्ही आत्ता लिमग्रेव्हमध्ये, म्हणजे गेमच्या सुरुवातीच्या प्रदेशात आहात. गेमची स्तुती करणारे बहुतेक लोक तिथलीच आठवण सांगत असतात: टेकडी चढलं की पलीकडे काहीतरी वेगळंच दिसणं, तळ्यावर अचानक उतरणारा ड्रॅगन, सोनेरी चिलखतातला घोडेस्वार. जग तेच तेच आहे असं म्हणणारे बहुधा शेवटापर्यंत गेलेले असतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. भुयारी थडगी मोजून मापून एकाच साच्यातली वाटायला लागतात. तुमच्या पुढ्यातल्या किल्ल्याचा धनी गॉड्रिक, त्याचाच जवळजवळ जुळा भाऊ पुढे एका कैदखान्यात दुसऱ्या नावाने भेटतो. बर्फाचा शेवटचा प्रदेश लिमग्रेव्हच्या मानाने ओकाबोका आहे आणि तिथले शत्रू अकारण जबर मारतात. माझ्या मते गेमचा शेवटचा चौथा भाग छाटला असता तरी चाललं असतं. पण ती तक्रार तुमच्यापर्यंत यायला अजून अवकाश आहे. शंभर तासांनंतरच्या माणसाचा कंटाळा तुम्ही आत्ताच उसना घेऊ नका.

आणि मग माणसाचा स्वभाव येतोच. लिमग्रेव्हमधल्या तळ्याकाठी जळके अवशेष आहेत, त्यांच्या तळघरात एक पेटी आहे. ती उघडली की धूर येतो आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी, स्फटिकांच्या एका खाणीत जाऊन पडता. तिथले किडे एका फटक्यात जीव घेतात. खाणीत असेपर्यंत नकाशावरून परत निघून जायची सोय नाही, चालत बाहेर पडावं लागतं. बाहेर आलात तर आभाळ लालबुंद आणि जनावरं राक्षसी आकाराची. हा केलिड, तुमच्या लेव्हलला जायची जागाच नव्हे. ही पेटी उघडून कित्येकांनी गेम बंद केला. तितक्याच लोकांना तीच त्या गेममधली सगळ्यांत आवडती रात्र वाटते. पेटी एकच, धूर एकच. ज्याला आपला वेळ वाया गेला असं वाटतं आणि ज्याला आपण हरवलो याचीच गंमत वाटते, अशा दोन माणसांना तुम्ही एकच प्रश्न विचारलात तर उत्तरं दोन येणारच. मत वाचताना स्वतःला विचारा, हा माणूस माझ्यासारखा आहे का? तुम्ही लिहिलंय की इकडेतिकडे फिरायला मजा आली. मला वाटतं तुम्ही दुसऱ्या गटातल्या आहात.

खरं तर मतं तोलायचा सराव हा गेम आतल्या आतच देतो. कन्सोल ऑनलाइन जोडलेला असेल तर जमिनीवर जागोजाग इतर खेळाडूंचे चमकते निरोप दिसले असतील. ठरावीक शब्दांतूनच ते लिहिता येतात. ‘पुढे गुप्त वाट’ असा निरोप खऱ्या गुप्त वाटेसमोरही असतो आणि साध्या, भरीव भिंतीसमोरही. कड्याच्या टोकावर कुणीतरी उडी मारायला सांगतो. कधी खाली खरंच कठडा असतो, कधी नुसती दरी. तिथे शेजारी लाल डाग दिसतो, त्याला हात लावला की तो खेळाडू कसा मेला ते दिसतं. चार डाग दिसले की उडी मारायची नाही, हे दुसऱ्या दिवशी आपोआप कळतं. बाहेरची मतंही अशीच वाचा. मला ही योजना गेममधल्या सगळ्या गोष्टींत जास्त आवडते, कारण तुमचा निरोप कुणाला उपयोगी वाटून त्याने पसंती दिली, तर त्या क्षणी तुमच्या पात्राचं आयुष्य भरून येतं. जगाच्या दुसऱ्या टोकाचा अनोळखी माणूस, ऐन लढाईत तुम्हाला वाचवून जातो.

आता मार्गिट. त्याच्याकडे तुम्ही इतक्या लवकर पोचलात यात तुमची चूक नाही. विसाव्याच्या जागांपासून निघणारे ते सोनेरी किरण तुम्हाला थेट त्याच्याकडेच नेतात. किरण कथेची दिशा दाखवतात. तुमची तयारी झाली आहे की नाही, हे ते सांगत नाहीत. नवे खेळाडू तिथेच आपटतात. तेव्हा किरणांकडे पाठ फिरवा आणि घोड्यावरून दक्षिणेला जा. तळ्याच्या खाली एक लांब पूल आहे, तो ओलांडला की वीपिंग पेनिन्सुला. पावसाळी, उदास, सुंदर प्रदेश. तिथे तीन पडकी चर्च आहेत आणि तिन्हींत पुतळ्यापाशी एकेक पवित्र अश्रू सापडतो, त्याने जखमा भरणाऱ्या तुमच्या कुप्यांची ताकद वाढते. दक्षिण टोकाला मोर्नचा किल्ला आहे, तो मार्गिटच्या किल्ल्यापेक्षा सोसण्यासारखा आहे. हे सगळं करताना रून्स जमतीलच.

त्या रून्स जादूला लागणाऱ्या बुद्धीवर उधळू नका, आधी व्हिगर, म्हणजे मार सोसायची ताकद, वाढवा. अॅस्ट्रॉलॉजरचा व्हिगर सुरुवातीला अवघा 9 असतो, सामुराईचा 12. भावोजी सामुराई घ्या म्हणतात त्यामागे एवढं तथ्य आहे. पण म्हणून नव्याने सुरू करायची काहीच गरज नाही. सुरुवातीचा वर्ग म्हणजे फक्त सुरुवातीचे आकडे. पुढे तुम्ही तिला हवं ते शिकवू शकता. व्हिगर 20 च्या आसपास गेला की मार्गिटचा एक फटका खाऊनही तुम्ही उभ्या राहाल आणि लढाईचं रूपच बदलेल. लिमग्रेव्हच्या खाणीत घडणावळीचे दगड मिळतात. एलेहच्या चर्चमध्ये ऐरण आहे, तिथे तुमची जादूची काठी +3 पर्यंत सुधारता येते. काठी सुधारली की जादूचा मारा वाढतो, हे बरेच नवे जादूगार विसरतात.

लढताना एकच गोष्ट पाहा. मार्गिट काठी उचलतो आणि ती तशीच वर धरून ठेवतो. आपण घाबरून लगेच लोळण घेतो, लोळण संपते आणि मग तो काठी खाली आणतो. त्याने उचलली की काहीच करायचं नाही. खाली यायला लागली की मगच लोळायचं. आणि लांब उभं राहून त्याच्या डोळ्यांदेखत कुपी प्यायची नाही, कारण तेवढ्यात तो सोनेरी खंजीर फेकतो. लांडगे त्याच्या अंगावर गेले की तो वळतो. तुमच्यासारख्या लांबून मारणाऱ्या पात्राला तेवढी सवड पुरते.

तरीही नाही पडला तर? तर त्याला तिथेच ठेवा आणि पुढे जा. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या बाजूने कड्यावरून एक वाट जाते, ती थेट लिअर्नियाच्या तळ्यांच्या प्रदेशात उतरते. मार्गिट, गॉड्रिक, सगळे मागे राहतात. तिथे जादूगारांची अख्खी विद्यापीठ-नगरी आहे, तुमच्या पात्राला ती जागा फार मानवेल. हवं तेव्हा परत या. बहुतेक गेममध्ये अडलं की अडलंच, इथे तसं नाही, म्हणूनच मला हा गेम इतका जवळचा वाटतो.

सोडून द्यावा का, याचं उत्तर मार्गिट पडतो की नाही यावरून ठरवू नका. काही रात्री दक्षिणेत फिरून बघा. ‘त्या बुरुजामागे काय असेल’ असं वाटून झोपायला उशीर होत असेल, तर गेम तुमचा आहे. तसं वाटत नसेल, नुसता थकवा येत असेल, तर बिनधास्त सोडा. ज्या गेममध्ये कठीण-सोपं निवडायची सोय नाही, कुणाचं काम कुठवर आलं याची साधी यादी नाही आणि अक्षरं सोफ्यावरून वाचता येत नाहीत, तो प्रत्येकाला झेपलाच पाहिजे असं कुणी म्हणू नये. ज्यांची बोटं किंवा नजर साथ देत नाही, त्यांची या गेमबद्दलची नाराजी मला पूर्ण रास्त वाटते. आणि हो, लहान मूल घरात असलेल्या आईसाठी सांगते: इथे लढाई मध्येच थांबवायचं बटण नाही. मुलगी उठली तर मेनूतून सरळ ‘गेम सोडा’ निवडा. सगळं तिथल्या तिथे साठवलं जातं. बॉसशी लढत असलात तर परतल्यावर दाराबाहेर असाल, एवढंच.

राहिले भावोजी. त्यांनी आपला आवडता गेम वहिनीला दिला, यात मला त्यांची माया दिसते. त्यांना तुम्ही त्यांच्यासारख्याच थराराने उड्या माराव्यात असं वाटतंय, आणि त्या नादात ते नियम सांगत सुटलेत. त्यांना स्पष्ट सांगा: ‘भावोजी, मी जादूनेच खेळणार आहे आणि लांडगे बोलावणार आहे. तुम्ही धरा किंवा धरू नका, मी धरणार आहे.’ मदतीला कमीपणा मानत असतील तर त्यांना त्या खेळाडूची गोष्ट आठवून द्या, जो 2022 मध्ये ‘लेट मी सोलो हर’ नावाने ओळखला जाऊ लागला. अंगावर वस्त्र नाही, डोक्यावर रांजण, हातात दोन तलवारी. या गेममधली सगळ्यांत अवघड बॉस मलेनिया, तिच्यापुढे हरणाऱ्या अनोळखी लोकांसाठी तो एकटा लढायचा. हजाराहून जास्त वेळा त्याने तिला पाडलं. त्याला बोलावणारे हजारो लोक मदतच मागत होते, आणि त्यांना कुणी हिणवलं नाही. गेमचे प्रकाशक बांदाई नामको यांनी त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली.

मग भावोजींनाच बोलवा की. तुमचा प्लेस्टेशन 4 आणि त्यांचा नवा 5 असला तरी एकत्र खेळता येतं, दोघांकडे प्लेस्टेशन प्लस ही ऑनलाइन खेळायची सशुल्क सदस्यता मात्र लागेल. चर्चमधल्या काले नावाच्या व्यापाऱ्याकडून 300 रून्सना वस्तू बनवायचा संच घ्या. झाडाखाली मिळणारी दोन सोनेरी एर्डलीफ फुलं लागतील, त्यांचं औषध बनवून वापरलं की इतरांच्या खुणा दिसायला लागतात. भावोजींनी मार्गिटच्या दाराबाहेर आपली सोनेरी खूण टाकायची. मल्टिप्लेअरच्या मेनूत दोघांनी एकच पासवर्ड लिहायचा, म्हणजे त्यांची लेव्हल कितीही असली तरी भेट होते आणि त्यांची ताकद तुमच्या बेताने कमी केली जाते. दुसरा खेळाडू सोबत असताना लांडगे येत नाहीत, आणि मार्गिटचं आयुष्यही थोडं वाढलेलं असेल. हे भावोजींना आधीच सांगून ठेवा.